अर्धी गोळी आणि परिच्छेदाआधीची जागा

फोनच्या पडद्यावर तुम्ही जे अक्षर वाचता, तेच लिहिणाऱ्याने लिहिलं होतं, हे तुम्ही कशावरून धरून चालता?

मीही धरून चालायचे. मानखुर्दच्या आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. पप्पा एका पंपहाउसवर ऑपरेटर होते आणि सुटीच्या दिवशी पत्रकं लिहायचे. गल्लीच्या नळाला पाणी नाही, पत्रक. शाळेत गणिताला शिक्षक नाही, पत्रक. जयंतीला डीजे लावायचा की मुलांना वह्या वाटायच्या, यावर तर दोन पत्रकं, कारण पहिल्यावर पलीकडच्या गल्लीने उत्तर छापलं होतं. शाळेच्या पुस्तकातली वाक्यं पूर्णविरामाने संपायची, आमच्या घरातली उद्गारचिन्हाने. मी दुसरीत असताना निबंधात ‘गाय दूध देते!!’ असं लिहिलं होतं आणि बाईंनी वहीत विचारलं होतं, यात एवढं चिडण्यासारखं काय आहे?

पत्रकाचे पप्पांचे दोन नियम होते. एक, खाली लिहिणाऱ्याचं नाव पाहिजेच. ज्याला खाली नाव टाकायची लाज वाटते त्याने वर काही लिहू नये. आणि दुसरा, प्रत्येक परिच्छेदाच्या आधी चांगली ऐसपैस मोकळी जागा पाहिजे. “वाचणारा कामावरून दमून आलेला असतो,” ते म्हणायचे. “त्याला श्वास घ्यायला जागा ठेवायची.”

पत्रकं घाटकोपरला एका डीटीपीवाल्याकडे व्हायची. लग्नपत्रिका, दुकानांच्या पावत्या, वर्षश्राद्धाचे कागद, सगळं तो एका कॉम्प्युटरवर लावायचा. पप्पा त्याच्या बाजूला स्टुलावर बसायचे आणि मी पप्पांच्या मांडीवर, मोठी झाल्यावर दारात. डीटीपीवाला परिच्छेदाआधी स्पेसचं बटण पुन्हा पुन्हा दाबायचा. कधी एक जास्त, कधी दोन कमी. पप्पा बोट ठेवून म्हणायचे, “हा बघा, हा आत गेला. हा बाहेर आला. कवायतीला उभे केलेत का?” शेवटी एके दिवशी तो इतका वैतागला की त्याने फॉन्टच उघडला. फॉन्ट म्हणजे अक्षरांचा साचा, कुठलं बटण दाबलं की कुठला आकार उमटायचा ते त्यात ठरलेलं असतं. एका फारशा न लागणाऱ्या बटणावरचा आकार त्याने पुसला आणि तिथे एक रुंद, रिकामी जागा बसवली.

“घ्या काका,” तो म्हणाला. “एका बटणात श्वास.”

त्या दिवसानंतर पप्पांचं प्रत्येक पत्रक त्या साच्यात झालं.

पुढे छपाई परवडेनाशी झाली आणि पत्रकं कागदाऐवजी पीडीएफ होऊन फोनवर जायला लागली. विहाराच्या वाचनालयात बसणाऱ्या पोरापोरींनी डीटीपीवाल्याकडून जुन्या पत्रकांच्या पीडीएफही मिळवल्या आणि ग्रुपवर टाकल्या. कागदावरचं एकही पत्रक कुणाकडे उरलेलं नव्हतं. पत्रक कुणी जपत नाही. आमच्याच घरात आईने ती डब्यांखाली अंथरली होती. पण फोनवर ती पुन्हा चालायला लागली. भांडी घासता घासता एखादी बाई पोराला म्हणायची, ते पाण्याचं वाच रे, आणि पोरगं वाचायचं. पप्पा निवृत्त झालेले, त्यांना याचं एवढं अप्रूप की ग्रुपवर कुणी अंगठा दाखवला तरी ते मला बोलावून दाखवायचे.

मी तेव्हा साकीनाक्याला नोकरीला लागले होते. खाली लेथ मशीन, डाय बनवणारे, पॉलिशवाले. वर तिसऱ्या मजल्यावर आम्ही. जिन्यात तेलाचा आणि जळलेल्या धातूचा वास, आणि आमचं दार उघडलं की एसीचा. कंपनीचं नाव इथे देत नाही. स्वस्त फोनमध्ये पीडीएफ उघडून दाखवणारा जो कार्यक्रम, म्हणजे ॲप, आधीपासून घातलेला असतो, त्यातल्या एकाचं अक्षरं पडद्यावर उमटवण्याचं काम आमचं. लोकांना तो वेगळा कार्यक्रम आहे हेही माहीत नसतं. त्यांच्या लेखी तो फोनच असतो.

पीडीएफच्या पोटात तिचा स्वतःचा फॉन्ट भरलेला असतो. तुमच्या फोनमध्ये तो फॉन्ट नसला तरी मजकूर दिसतो तो त्यामुळे. हे पोटातले फॉन्ट कधी तुटके असतात, कधी आतून काही आणि बाहेरून काही. माझ्या टेबलाचं काम असे त्रासदायक फॉन्ट शोधणं आणि त्यांची नोंद करणं. बरे करणं नाही. ते परदेशातली दुसरी टीम करणार, वेळ झाला तर.

आमची टेस्टिंगची खोली आत होती. खिडकी नाही. बाजारात न आलेले फोन तिथे असायचे म्हणून आपले फोन बाहेर कपाटात ठेवायचे. आत जायला कार्ड लागायचं आणि बाहेर यायलाही. पाणी प्यायला बाहेर यायचं तरी दारावरचा दिवा हिरवा होईपर्यंत थांबायचं. माझ्या बाजूला बसणारी मुलगी गोराईची. ती रोज होडीने बोरिवलीला उतरून यायची. ती त्या खोलीला ‘टोपली’ म्हणायची. “मासळीला पण वरून हवा लागते गं,” ती म्हणायची. “आपल्याला तेवढीही नाय.”

एक तक्रार आली. एका दवाखान्याने रुग्णांना फोनवर पाठवलेला मराठी सूचनांचा कागद होता. कुठली गोळी कधी आणि किती. त्यात ‘सकाळी ½ गोळी’ असं होतं. एका फोनवर ते अर्ध्याचं चिन्ह दिसतच नव्हतं. आईला गोळी देताना मुलीला शंका आली, तिने डॉक्टरांची चिठ्ठी काढून पाहिली, म्हणून काही झालं नाही. आमच्याकडे तो कागद कुठल्याही फोनवर उघडला तरी चिन्ह जागच्या जागी. पुन्हा उघडा, तरी आहे. फोन बंद करून चालू करा, तरी आहे. ज्या बिघाडाचं काही घडत नाही त्याच्यासमोर बसून राहणं ही एक शिक्षाच असते. दिवस संपला की मी बाहेर यायचे आणि बस साकीनाक्याच्या सिग्नलला तशीच उभी राहायची.

त्या कागदाच्या पोटातल्या फॉन्टचं नाव ओळखीचं होतं. घाटकोपरच्या डीटीपीवाल्याकडे होता तोच. त्या फॉन्टमधल्या आणखी पीडीएफ पडताळायला हव्या होत्या, आणि माझ्याइतका साठा कुणाकडे असणार? लीडची, म्हणजे आमच्या टीमच्या प्रमुखाची, परवानगी काढून मी पप्पांची पत्रकं आत आणली. खरं सांगते, मला अभिमान वाटत होता. पप्पांचं पत्रक टोपलीत, परदेशी कंपनीच्या फोनवर.

गोराईवालीने आधी दवाखान्याचा कागद उघडला, मग त्याच फोनवर पप्पांचं पाण्याचं पत्रक. आणि ती फसकन हसली.

“ए, हे बघ! तुझे पप्पा काय लिहितात गं? अर्धे बंधू-भगिनींनो!”

मी वाकून पाहिलं. प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला, जिथे मोकळी जागा असायची तिथे, ठसठशीत ½. ½ बंधू-भगिनींनो. ½ आपल्या गल्लीला गेला आठवडाभर पाणी नाही. ½ आता उठलं पाहिजे.

“अर्धंच उठायचं,” ती म्हणाली. “बाकीच्या अर्ध्याला सुट्टी!”

आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग माझं हसणं थांबलं. मी दुसरा फोन घेतला. त्यावर आधी पप्पांचं पत्रक उघडलं, मग दवाखान्याचा कागद. ‘सकाळी’ आणि ‘गोळी’ यांच्या मध्ये पप्पांची ऐसपैस जागा होती. अर्धं गेलं होतं. वाक्य स्वच्छ दिसत होतं. सकाळी गोळी. कुणालाही वाटलं असतं, एक गोळी.

डीटीपीवाल्याने ज्या बटणावर श्वास बसवला होता, त्याच बटणावर दवाखान्याचा कागद लावणाऱ्याने अर्ध्याचं चिन्ह बसवलं होतं. दोघांनीही फॉन्टचं नाव बदललं नव्हतं. का बदलावं? मूळ फॉन्टच एकाने दुसऱ्याकडून सीडीवर उतरवून घेतलेला. तेव्हा सगळी उपनगरं असंच करायची. कुणाला जोडाक्षर हवं, कुणाला गणपती, कुणाला रुपयाची खूण. ज्याने त्याने आपल्या गरजेची चीज कुठल्याशा बटणावर बसवली आणि साच्यावरचं नाव तेच ठेवलं. जोवर हे सगळं कागदावर छापलं जात होतं तोवर कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं. पण आमचा कार्यक्रम स्वस्त फोनची ताकद वाचवायला एक युक्ती करायचा. एकदा एका नावाचा फॉन्ट पाहिला की तो लक्षात ठेवायचा, आणि पुढच्या पीडीएफमध्ये तेच नाव दिसलं की तिच्या पोटात न डोकावता जुनाच वापरायचा. ज्या फोनवर पहिल्यांदा पत्रक उघडलं, त्यावर पत्रकाचा फॉन्ट सगळ्यांना लागणार.

मी लीडकडे गेले. लीड मुलुंडचा. घरात सगळे बँकेत नाहीतर इंजिनिअर, पण तो वाईट माणूस नव्हता. आमच्या डब्यातला ठेचा मागून घ्यायचा आणि मग पाणी पाणी करायचा.

“झकास!” तो म्हणाला. “पकडलास. नाव ब्लॉक करून टाक.”

ब्लॉक करायचं म्हणजे त्या नावाचा फॉन्ट कुठल्याही पीडीएफच्या पोटात दिसला तर तो वापरायचाच नाही. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दाखवायचे. फोनमधला साधा मराठी फॉन्ट तिथे चालत नाही, कारण या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं इंग्रजी बटणांच्या आड लपवलेली असतात.

“ब्लॉक केलं तर त्या नावाचं सगळंच जाईल,” मी म्हटलं. “या फॉन्टमध्ये किती मराठी लिहिलं गेलंय माहितीये तुला? पत्रकं, मंडळांचे अहवाल, लग्नपत्रिका…”

“लग्नं झाली ना त्यांची? मग पत्रिकेचं काय करायचंय?”

“चेष्टा नको करू. चूक आपली आहे. आपला कार्यक्रम पोटात बघत नाही. नावावरून माणूस ओळखतो.”

“लिही तसं. पण नव्या अपडेटचं रिलीज जवळ आलंय.”

मी लिहिलं. दुपारभर बसून लिहिलं. त्याने ते वाचलं आणि खुर्ची मागे रेलून माझ्याकडे पाहिलं. “हा बग रिपोर्ट आहे की मोर्चा?”

“त्यात खोटं काय आहे?”

“खोटं काही नाही गं. पण ‘आम्ही हे सहन करणार नाही’ हे कुठल्या रकान्यात टाकू?”

परदेशातून उत्तर आलं. प्रत्येक पीडीएफचा फॉन्ट वेगळा लक्षात ठेवला तर स्वस्त फोन अडखळतात, मोठा बदल आहे, या रिलीजमध्ये शक्य नाही. लीडने ते उत्तर मला दाखवलं आणि या वेळी तो थट्टा करत नव्हता.

“हे बघ, तुझ्याकडे दुसरं काही आहे का? या नावाचे किती प्रकार आहेत ते सांगू शकतेस? सगळे सांग, मी नावासोबत फॉन्टची साइज जुळवून फक्त धोक्याचे ब्लॉक करतो. सोमवारपर्यंत.”

म्हणून रविवारी मी घाटकोपरला गेले. डीटीपीवाला त्याच गाळ्यात होता, पण आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. मला पाहून त्याला फार आनंद झाला. काकांची तब्येत कशी, अजून भांडतात का, चहा घेणार का. मी विचारलं, तुम्ही त्या फॉन्टमध्ये काय काय बदललं होतं?

“मी? काय नाय. एक तुझ्या पप्पांची जागा, बास.” मग जरा आठवून, “हां, एक ट्ट टाकला होता. आणि स्वस्तिक. नाय, स्वस्तिक मुलुंडच्या एका डीटीपीवाल्या पोराने टाकलं, त्याच्याकडून मी परत घेतला ना फॉन्ट, तेव्हा ते आलं.”

“परत घेतला म्हणजे?”

“अगं, मी त्याला दिला, त्याने काय काय केलं, माझा कॉम्प्युटर बसला तेव्हा मी त्याच्याकडून उतरवून घेतला. मग माझ्याकडून भांडुपच्या दोघांनी नेला. एकाने अंधेरीत भाच्याला दिला. सगळ्यांकडे आपलाच माल होता!” त्याला अजूनही त्याचा अभिमान होता. “का गं, कोण विकत घेतंय का?”

जुना कॉम्प्युटर त्याने भंगारात दिला होता. भांडुपचे दोघे गावी गेले होते. मुलुंडच्या पोराचा नंबर लागत नव्हता. मी चहा घेतला आणि निघाले. त्या नावाचे प्रकार कुणालाही माहीत नव्हते. त्यांपैकी कुठल्या प्रकारात कुठला आकडा कुणाच्या आड दडलाय, ते फक्त कुणाचं तरी नुकसान झाल्यावर कळणार होतं.

घरी आले तर पप्पा दारातच. “काय गं, रविवारी कुठे?” मी म्हटलं, मैत्रिणीकडे. कंपनीच्या करारावर माझी सही होती. सापडलेला बिघाड दुरुस्तीआधी बाहेर बोलायचा नाही. ज्या घरात बाहेरच्या जगाची दडवादडवी चव्हाट्यावर मांडली जायची, त्या घरात मी तोंड मिटून जेवले. पप्पा ग्रुपवरचं काहीतरी वाचून दाखवत होते. कुणा मुलीने शाळेच्या भाषणासाठी त्यांचं वह्यांचं पत्रक घेतलं होतं. “अख्खा परिच्छेद पाठ केलाय तिने,” ते म्हणाले. मला वाटलं, आता सांगावं. मग आठवली ती गोळी देणारी दुसरी मुलगी, जिला मी कधी पाहिलेलं नव्हतं. आणि मी सांगून तरी काय होणार होतं? पप्पा म्हणाले असते, लढ. कुणाशी?

मी लहानपणापासून मानत आले की अन्यायाला एक तोंड असतं आणि पत्रक त्या तोंडावर मारायचं असतं. इथे एका बाजूला पप्पांची सगळी पत्रकं आणि ती वाचणारी गल्ली होती, दुसऱ्या बाजूला औषधाची एक चुकीची गोळी. मधे मी, आणि दाराला दोन्ही बाजूंनी कुलूप. खोटा मजकूर स्वच्छ अक्षरात दिसू देणं मला मान्य नव्हतं. खरा मजकूर पुसणंही मान्य नव्हतं. तिसरं काही माझ्या हातात नव्हतं.

सोमवारी लीड म्हणाला, “तू नको करूस. मी टाकतो नाव. तुझ्या पप्पांचं आहे ना त्यात.”

“नको,” मी म्हटलं. “नोंदीखाली नाव लागतं ना करणाऱ्याचं? माझं लागू दे.”

“कशाला उगाच?”

“आमच्याकडे तसंच असतं.”

मी फॉन्टचं नाव टाइप केलं. खाली माझं नाव आलं. गोराईवालीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. मग आम्ही चहाला उठलो आणि दारावरचा दिवा हिरवा व्हायची वाट बघत उभ्या राहिलो.

अपडेट फोनांवर हळूहळू उतरलं. आधी एका घरात, मग दुसऱ्या. विहारातली पोरं पप्पांकडे यायला लागली. “काका, पत्रक उघडत नाय. नुसते डब्बे येतात.” पप्पांनी त्यांना फोन बंद करून चालू करायला सांगितलं. मग ग्रुपवर पुन्हा पाठवलं. मग स्वतःच्या फोनवर उघडलं. पानभर चौकोन. ओळींची लांबी तीच, परिच्छेद तेच.

दुसऱ्या कार्यक्रमात ती पत्रकं उघडत होती. मी पोरांना तसं सांगितलंही. एकदोघांनी तो उतरवून घेतला. पण पत्रक हे शोधून वाचायची गोष्ट नसते. ते हातात आलं तर वाचलं जातं. भांडी घासणारी बाई पोराला म्हणणार नाही, आधी दुसरं ॲप घे आणि मग पाण्याचं वाच.

एका संध्याकाळी पप्पांनी मला बसवलं. “लॅपटॉप काढ. पत्रक लिहायचंय.”

बऱ्याच महिन्यांनी त्यांचा आवाज तसा लागला होता. मी लॅपटॉप उघडला. आई दाराशी भाजी निवडत होती.

“शीर्षक. आमची अक्षरं कुणी गिळली. तीन उद्गारचिन्हं.”

“प्रश्न आहे पप्पा. प्रश्नचिन्ह येईल.”

“मग प्रश्नचिन्ह आणि तीन उद्गारचिन्हं. पुढे. बंधू-भगिनींनो, आपल्या पत्रकांवर हे जे चौकोन आले आहेत ते आपोआप आलेले नाहीत. कुणीतरी खुर्चीत बसून हे केलं आहे.” ते येरझाऱ्या घालत होते. “ज्यांना आपलं बोलणं खुपतं, अशा कुणीतरी…”

मी थांबले.

“काय झालं? टाइप कर ना.”

“पप्पा, ते मी केलंय.”

आईचा हात थांबला. मी करार मोडला आणि सगळं सांगितलं. दवाखान्याचा कागद, अर्ध्याचं चिन्ह, ‘अर्धे बंधू-भगिनींनो’, घाटकोपर, सोमवार. सांगताना मला वाटत होतं की ऐकल्यावर त्यांना पटेल. तेही पत्रकवाले, तेही खोट्या अक्षराला भिणारे.

“मला विचारायचं होतंस,” ते म्हणाले.

“बोलायची बंदी होती.”

“आणि आता बोलतेयस ते काय आहे?”

मी लॅपटॉप मिटला.

“त्या बाईचं काही झालं का? आईचं, त्या मुलीच्या?”

“नाही.”

“बरं.” मग ते एकदम भडकले. “पण माझीच जागा सापडली का तुला? सगळ्या मुंबईने त्या फॉन्टची वाट लावली आणि पुसलं कुणाचं? माझं! मला सांगितलं असतंस तर मी जागा सोडली असती. नको मला श्वास! घ्या म्हटलं असतं, बसवा तिथे अर्धी गोळी!”

“झालेल्या पत्रकांतून ती जागा कशी काढणार, पप्पा? त्यांच्या पोटात आहेत फॉन्ट. आणि तुमचीच नव्हे, आणखी किती जणांच्या…”

“मला आणखी जण सांगू नकोस.”

ते बाहेर निघून गेले. आई म्हणाली, “तो पत्रक लिहायला बसला होता, तू त्याला भांडायला कुणी ठेवलंच नाहीस.” असं म्हणून तिने भाजी उचलली. ती पप्पांना माघारी तो म्हणते.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी साकीनाक्याला जात होते, कार्ड लावत होते, आत बसून दुसरे फॉन्ट तपासत होते. नोकरी सोडावी असं रोज वाटायचं. सोडून काय? नाव यादीत तसंच राहणार. माझ्या जागी जो येईल त्याला ते नाव कशाचं आहे हेही माहीत नसणार. निदान मी दर रिलीजला विचारते, ती दुरुस्ती झाली का? दर वेळी लीड म्हणतो, यादीत आहे गं. तो खोटं बोलत नाही. यादी लांब आहे.

तिसऱ्या दिवशी पप्पांनी माझ्या लॅपटॉपवर दुसऱ्या कार्यक्रमात पाण्याचं पत्रक उघडून ठेवलं होतं. “नव्या फॉन्टमध्ये टाइप करता येतं ना? जो सगळ्या फोनवर चालतो?” येतं, म्हटलं. त्या जुन्या फॉन्टमधून मजकूर आपोआप बदलून घ्यायची सोय चालवून पाहिली होती मी, पण प्रत्येक परिच्छेदाआधी आणि प्रत्येक ट्टच्या जागी ती ठेचकाळत होती. हाताने टाइप करण्याला पर्याय नव्हता.

“मी वाचतो,” ते म्हणाले. “तू टाइप कर.”

तेव्हापासून आमचा रविवार त्यात जातो. आणि भांडणात. कारण ते वाचता वाचता बदलतात.

“असं नाहीये पप्पा. इथे ‘नालायक’ आहे.”

“तो माणूस वारला आता. ‘बेजबाबदार’ कर.”

“नाही. तेव्हा नालायक म्हणालात, नालायकच राहणार.”

“माझं पत्रक आहे!”

“छापून झालं तेव्हा लोकांचं झालं. तुम्हीच सांगायचात.”

मग ते पाणी प्यायला उठतात. परत येऊन पुढची ओळ वाचतात, आणि नालायक तसाच राहतो. वाचताना त्यांचा आवाज परिच्छेदाशी येऊन थांबतो, तिथे मी दोनदा एंटर मारते आणि त्यांना ते आवडत नाही. आत्तापर्यंत थोडीच झाली आहेत. उरलेली खूप आहेत, आणि पप्पांची नजर पहिल्यासारखी नाही. झालेली पत्रकं आम्ही ग्रुपवर टाकतो. काल एकाने विचारलं, काका हे जुनं आहे की नवीन? पाणी तर अजून येत नाही.

बाकीच्यांचं मात्र कुणी करत नाहीये. भांडुपच्या मंडळाचे अहवाल, अंधेरीतल्या कामगारांच्या सभेच्या सूचना, कुणाच्या आईवर लिहिलेले चार शब्द, ज्या कुणाचे असतील त्यांच्या फोनवर आज चौकोन होऊन पडले असतील, आणि त्यांना वाटत असेल फाइल बिघडली. फाइल बिघडलेली नाही. आत मजकूर शाबूत आहे.

म्हणून एवढं करा. आज तुमच्या फोनमधल्या जुन्या मराठी पीडीएफ उघडा. एखादीत चौकोन दिसले तर ती पुसू नका. कॉम्प्युटरवर किंवा दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमात उघडून बघा. औषधाचा कागद असेल तर पडद्यावर विसंबू नका, दवाखान्यात फोन करून विचारा. आणि लिहिलेलं कुणाचं आहे ते माहीत असेल, तो माणूस हयात असेल, तर या रविवारी त्याच्या घरी जा, त्याला वाचायला सांगा, आणि तुम्ही टाइप करा. जसं होतं तसं.